कॅनडातले ऑनलाइन कॅसिनो: तुलना करायची तर पैसे बाहेर कसे येतात याची करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला राहतात, कॅनडात येऊन अडीच वर्षं झाली. दर शनिवारी रात्री पन्नास-साठ डॉलरचे स्लॉट आणि थोडं ब्लॅकजॅक खेळतात. त्यांच्यासमोर तीन साइट आहेत. पहिली सुरुवातीच्या चार भरण्यांवर मिळून ४,००० डॉलरपर्यंत बोनस देते, आणि तिची जाहिरात त्यांना इन्स्टाग्रामवर दिसली. दुसरी ओएलजीची, म्हणजे प्रांत सरकारची. तिसरी मित्राने सुचवली, तिथे क्रिप्टोने पैसे भरता येतात आणि कागदपत्रं मागत नाहीत. पहिल्या साइटवर जिंकलेले ६४० डॉलर तीन आठवड्यांपासून 'पडताळणी सुरू आहे' म्हणून अडकले आहेत. यांतली चांगली कोणती, आणि कॅलगरीला राहणाऱ्या मेहुण्यालाही तीच चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे. उत्तर त्यांनाच उद्देशून लिहितो.

मी या क्षेत्रात चौदा वर्षं काम केलं. आधी खेळांचं गणित तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, नंतर टोरंटोत एका कंपनीच्या पडताळणी आणि तक्रार विभागात. त्या दुसऱ्या टेबलावर बसल्यावर एक गोष्ट पक्की कळली. पैसे भरताना कोणत्याही साइटवर अडचण येत नाही. फरक दिसतो तो पैसे काढताना. म्हणून बोनस किती, खेळ किती, हे प्रश्न मी शेवटी ठेवतो. पहिला प्रश्न हा की माझे पैसे अडकले तर माझं ऐकून घेणारं, आणि कंपनीला जाब विचारणारं, या देशात कोणी आहे का?

कॅनडात याचं उत्तर प्रांतागणिक बदलतं. जुगार चालवण्याचा अधिकार १९८५ च्या दुरुस्तीनंतर फौजदारी कायद्याने फक्त प्रांतांना दिला आहे. त्यामुळे 'कॅनडाचा परवाना' अशी चीजच अस्तित्वात नाही. एखाद्या साइटवर मेपलचं पान आणि 'कॅनडात पूर्णपणे कायदेशीर' असं लिहिलेलं दिसलं, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

ओंटारिओने ४ एप्रिल २०२२ ला खासगी कंपन्यांना दार उघडलं. तिथे दोन संस्था आहेत. एजीसीओ ही नियम करणारी आणि कंपन्यांची नोंदणी करणारी, तर आयगेमिंग ओंटारिओ ही त्या कंपन्यांशी करार करून प्रांताच्या वतीने बाजार चालवणारी. नोंदणी झालेल्या प्रत्येक साइटचं नाव आणि नेमका वेब पत्ता आयगेमिंग ओंटारिओच्या यादीत असतो. 'नेमका' या शब्दावर माझा जोर आहे. एकाच ब्रँडची ओंटारिओसाठी एक साइट आणि उरलेल्या जगासाठी दुसरी, असं पुष्कळ ठिकाणी आहे. रंग तेच, बोधचिन्ह तेच, पण परवाना निराळा. नाव ओळखीचं आहे म्हणून खातं उघडू नका. यादीतल्या दुव्यावरून आत जा.

आता तुमच्या पहिल्या साइटबद्दल. ओंटारिओत बोनसची जाहीर जाहिरात करायला मनाई आहे. कंपनी स्वतःच्या साइटवर बोनस सांगू शकते, किंवा तुम्ही संमती दिली असेल तर थेट तुम्हाला कळवू शकते. बस, टीव्ही, समाजमाध्यमं इथे नाही. मग ओंटारिओत बसलेल्या माणसाला इन्स्टाग्रामवर ४,००० डॉलरचा आकडा दाखवणारी साइट बहुतेक करून या यादीबाहेरची असते. तुम्ही यादी उघडून खात्री करा, पण मला तरी निकाल काय येईल याची फार शंका नाही.

यादीबाहेर असणं म्हणजे लुबाडणूकच असं नव्हे. अशा साइटच्या तळाशी काहनवाके, युरोपातला माल्टा किंवा कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटाचा परवाना दिसेल. काहनवाके ही माँट्रियलजवळची, मोहॉक या मूळनिवासी लोकांची भूमी. तिथला गेमिंग आयोग १९९६ पासून काम करतो आहे. अल्टिमेटबेट या पोकर साइटवर आतल्या लोकांनी समोरच्याची पानं बघून पैसे लुटल्याचं उघड झालं, तेव्हा याच आयोगाने २००८ मध्ये त्या साइटला १५ लाख डॉलर दंड केला होता. माल्टाची तक्रारपद्धतही व्यवस्थित आहे. क्युरासाओत मात्र वर्षानुवर्षं एका मूळ परवान्याखाली असंख्य उप-परवाने वाटले गेले, आणि खेळाडूच्या तक्रारीचं उत्तर कोणी द्यायचं हेच ठरत नसे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नवा कायदा लागू झाला आहे. पण तुमच्या दृष्टीने या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखीच आहे: ओंटारिओतला कोणताही अधिकारी त्या कंपनीवर तुमच्या ६४० डॉलरसाठी दबाव आणू शकत नाही. नोंदणीकृत साइट असती तर आधी कंपनीकडे, तिथे दाद लागली नाही तर आयगेमिंग ओंटारिओकडे, आणि खेळाच्या सचोटीबद्दल शंका असेल तर एजीसीओकडे जाता आलं असतं.

'कॅनडातले सर्वोत्तम दहा कॅसिनो' अशा याद्या तुम्ही वाचल्या असतील. त्या लिहिणाऱ्यांना पैसे कसे मिळतात हे एकदा समजून घ्या. एक पद्धत म्हणजे तुम्ही त्यांच्या दुव्यावरून जाऊन पहिल्यांदा पैसे भरलेत की एकरकमी कमिशन. दुसरी म्हणजे तुम्ही जितके हराल त्यातला टक्का, तुम्ही खेळत राहाल तोवर. मी पाहिलेल्या करारांत तो पंचवीसपासून चाळीसपर्यंत असायचा. यादीतला क्रम बहुतेक वेळा यावर ठरतो. तुमच्या हरण्यात ज्याचा वाटा आहे त्याच्या सल्ल्याने साइट निवडू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता ४,००० डॉलरचं गणित करू. छोट्या आकड्यावर करतो, म्हणजे ताळा करता येईल. तुम्ही १०० डॉलर भरले, १०० बोनस मिळाला, आणि अट आहे ३५ पट. म्हणजे बोनसच्या ३५ पट, ३,५०० डॉलरच्या पैजा लावून झाल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. स्लॉटचा परतावा ९६ टक्के, म्हणजे शंभरातले सरासरी ९६ परत, धरला तर ३,५०० वर सरासरी १४० डॉलर जातात. शंभराचा बोनस मोकळा करायला एकशेचाळीस. काही साइटवर अट बोनस आणि भरलेली रक्कम मिळून असते. मग ७,००० च्या पैजा आणि सरासरी २८० डॉलर. यातून कधीतरी कुणी वर येतो, पण तो अपवाद असतो.

तुम्ही ब्लॅकजॅकही खेळता, म्हणून हे खास बघा. अटीत ब्लॅकजॅकच्या पैजा बहुधा दहा टक्केच मोजतात, कधी मोजतच नाहीत. म्हणजे तीच अट पुरी करायला ३५,००० डॉलर फिरवावे लागतील. शिवाय बोनस चालू असताना एका डावाला ५ डॉलरपेक्षा जास्त लावायचे नाहीत अशी ओळ अटींच्या जंगलात असते. एकदा चुकून ६ लावले तर सगळी जिंकलेली रक्कम रद्द. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत ही एक ओळ वारंवार निघायची, आणि बहुतेकांनी ती वाचलेलीच नसायची. बोनस न घेण्याचा पर्याय खातं उघडताना असतो. पन्नास-साठ डॉलरने खेळणाऱ्याने तो घ्यावा. तुमचे पैसे तुमचे राहतात आणि वाटेल तेव्हा काढता येतात.

परतावा म्हणजे काय हे आपल्याकडच्या मटक्यावरून चटकन कळतं. एकेरी आकड्याला दहा शक्यता आणि रुपयाला नऊ रुपये. म्हणजे दीर्घकाळात रुपयातले नव्वद पैसे परत, दहा पैसे चालवणाऱ्याचे. स्लॉटचंही असंच. फरक एवढाच की मटक्याचा हिशेब उघड असतो आणि स्लॉटचा आत लपलेला. ज्या प्रयोगशाळेत मी होतो तिथे आम्ही हाच आकडा तपासायचो: यंत्र कोट्यवधी वेळा फिरवायचं आणि कंपनीने कागदावर लिहिलेल्या परताव्याशी ते जुळतं का बघायचं.

इथे एक गोष्ट बहुतेक खेळणाऱ्यांना ठाऊक नसते. एकच खेळ वेगवेगळ्या परताव्यांत विकला जातो. प्लेअँडगो कंपनीचा 'बुक ऑफ डेड' घ्या. त्याची ९६.२१ टक्क्यांची आवृत्ती आहे, ९४.२५ ची आहे, ९१.२५ ची आहे, आणि त्याखालच्याही आहेत. चित्रं तीच, आवाज तेच. कोणती लावायची ते साइट ठरवते. तासाभरात ५० सेंटचे ५०० फेरे मारले तर २५० डॉलर फिरतात. ९६.२१ वर सरासरी साडेनऊ डॉलर जातात, ९१.२५ वर जवळजवळ बावीस. तेवढाच वेळ, तोच खेळ, आणि खर्च दुपटीहून जास्त. खेळाच्या आत प्रश्नचिन्ह किंवा 'आय' असं बटण असतं. त्यातल्या नियमांच्या पानांत, बहुधा शेवटी, हा आकडा लिहिलेला असतो. दोन साइटची तुलना करायची तर तुमच्या आवडीचे तीन खेळ घ्या आणि दोन्हीकडे हे पान उघडून आकडे लिहून काढा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कुठल्याही यादीपेक्षा जास्त सांगून जातं.

ब्लॅकजॅकमध्ये एकच बघा: ब्लॅकजॅक लागल्यावर, म्हणजे पहिल्या दोन पानांत एकवीस झाल्यावर, दोन डॉलरच्या पैजेला तीन देतात (३:२) की पाचला सहा (६:५). ६:५ ने कॅसिनोचा वाटा साधारण १.४ टक्क्यांनी वाढतो. जो खेळ नीट खेळल्यास जेमतेम अर्धा टक्का खातो, त्याच्यासाठी ही फार मोठी वाढ आहे. रोलेट खेळलातच तर एका शून्याचं चाक घ्या, तिथे वाटा २.७० टक्के. दोन शून्यांच्या चाकावर ५.२६.

ओंटारिओच्या नियमांत मला मनापासून आवडलेली एक बाब सांगतो. इथे नोंदणीकृत साइटवर स्लॉट आपोआप फिरत ठेवता येत नाही, आणि दोन फेऱ्यांमध्ये किमान अडीच सेकंद जावेच लागतात. बाहेरच्या साइटवर 'शंभर फेरे आपोआप' आणि 'जलद' अशी बटणं असतात. माणूस चहा ठेवायला उठतो आणि परत येईपर्यंत साठ डॉलर संपलेले असतात. अडीच सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण पैसे किती वेगाने जातात हे परताव्याइतकंच या सेकंदांवर ठरतं.

तिसऱ्या, मित्राच्या साइटबद्दल. 'कागदपत्रं मागत नाहीत' याचा अर्थ भरताना मागत नाहीत. काढताना मागतात, आणि रक्कम मोठी असेल तर नक्की मागतात. मग पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, हातात ओळखपत्र धरलेला फोटो, क्रिप्टो कुठून आलं त्याचा हिशेब. क्रिप्टोने एकदा पाठवलेले पैसे कोणतीही बँक परत आणू शकत नाही. या साइटचा विचार सोडून द्या. उलट नोंदणीकृत साइट सुरुवातीलाच ओळख तपासते याचा अनेकांना वैताग येतो. तो वैताग आधी होणं हेच बरं.

आणि इथे आपल्या मंडळींची एक खास अडचण आहे. पासपोर्टवर आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी असतं. बँकेत खातं उघडताना मधलं नाव गळतं. ड्रायव्हिंग लायसन्सवर पहिलं आणि मधलं नाव चिकटून येतं. लग्नानंतर बाईच्या पासपोर्टवर एक नाव आणि जुन्या बँक खात्यावर दुसरं. पडताळणी करणारी यंत्रणा अक्षरं जुळवते. तिला आपली नावाची पद्धत माहीत नसते. खातं उघडताना पासपोर्ट किंवा लायसन्सवर जसं आहे तसंच, मधल्या नावासकट लिहा, आणि ज्या बँक खात्यातून इंटरॅकने (कॅनडातल्या बँकांची पैसे पाठवायची सोय) पैसे भरणार त्यावरही तेच नाव आहे ना ते बघा. तुमचे ६४० डॉलर अशाच कारणाने अडकले असण्याची शक्यता मी नाकारणार नाही.

दुसरी अडचण घरातल्या रूममेट्सची. एका तळघरात पाच मुलं राहतात, एकच वायफाय, एकच पत्ता. पाचही जणांनी एकाच साइटवर बोनस घेतला की यंत्रणेला ते एकाच माणसाचे पाच अवतार वाटतात. माझ्यासमोर आलेलं एक प्रकरण अजून आठवतं. शिकायला आलेला मुलगा होता. रूममेटच्या खात्यातून त्याने पैसे भरले होते आणि स्वतःच्या नावावर अकराशे डॉलर जिंकले होते. दुसऱ्याच्या पैशाने खेळायचं नाही हा नियम स्पष्ट होता आणि मला त्याची तक्रार फेटाळावी लागली. फोनवर तो गप्पच झाला. ते पैसे पुढच्या सत्राच्या फीसाठी धरले होते, असं त्याने नंतर सांगितलं. फीचे, भाड्याचे, घरी पाठवायचे पैसे या हिशेबात धरायचे नाहीत, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

भरायला इंटरॅक ई-ट्रान्सफर किंवा डेबिट वापरा, क्रेडिट कार्ड नको. जुगाराचा व्यवहार बँक बहुधा रोख उचल म्हणून धरते. त्यावर वेगळं शुल्क लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

मग ओएलजी की यादीतली खासगी कंपनी? दोन्ही एकाच नियमांखाली आहेत. ओएलजीचा नफा प्रांताच्या तिजोरीत जातो. खासगी साइटवर खेळांची निवड बऱ्याचदा जास्त असते. मी स्वतः निवडायचं झालं तर परताव्याचे आकडे बघून ठरवीन, आणि एक चाचणी घेईन. बोनस नाकारून २० डॉलर भरायचे. ते एकदा फिरवायचे, कारण भरलेली रक्कम तशीच काढायला बहुतेक साइट मनाई करतात. मग उरलेली सगळी रक्कम काढायची विनंती करायची आणि ती बँकेत किती दिवसांत येते ते बघायचं. मधल्या काळात 'विनंती रद्द करा' असं बटण ठळकपणे दिसत असेल, तर ती साइट मला आवडणार नाही. पैसे वाटेत असताना माणसाला परत खेळात ओढण्यासाठीच ते बटण तिथे ठेवलेलं असतं.

खातं चालू केल्याच्या दिवशीच पैसे भरण्याची आठवड्याची मर्यादा ६० डॉलर लावा. कमी करायची तर लगेच होते, वाढवायची तर किमान २४ तास थांबावं लागतं. शनिवारी रात्री एक वाजता तेच २४ तास कामाला येतात. आठवड्याला साठ म्हणजे वर्षाला तीन हजारांवर डॉलर भरले जातात, म्हणजे मुंबईच्या तिकिटाहून जास्त. ही करमणुकीची रक्कम म्हणून परवडते का, हे तुमचं तुम्ही ठरवा. आणि कधी ती मर्यादा चुकवण्यासाठी दुसऱ्या साइटवर खातं उघडावंसं वाटलं, तर त्याच रात्री कनेक्सओंटारिओ या मदतवाहिनीला फोन करा: १-८६६-५३१-२६००. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, आणि तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

मेहुण्याचं वेगळं आहे. ओंटारिओची साइट कॅलगरीत उघडणार नाही, ती फोनचं ठिकाण तपासते. कॅलगरी ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टात २०२० पासून प्ले अल्बर्टा ही सरकारी साइट आहे. खासगी कंपन्यांसाठी तिथे २०२५ मध्ये कायदा झाला. अल्बर्टाच्या स्वतःच्या अधिकृत यादीत एखाद्या कंपनीचं नाव मेहुण्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसेल, तोवर त्यांनी प्ले अल्बर्टाच वापरावी. वयाची अट तिथे १८, ओंटारिओत १९. ब्रिटिश कोलंबिया, मॅनिटोबा आणि सस्कॅचेवानला प्लेनाउ, क्वेबेकला लोटो-क्वेबेक, अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांना अटलांटिक लॉटरी.

दिवाळीत भारतात गेलात तर हे खातं तिथून उघडायचा प्रयत्न करू नका. आपलं ठिकाण लपवणारं व्हीपीएन लावून उघडलंत तर अटींचा भंग होतो आणि खातं गोठतं. शिवाय भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. गोव्यात मांडवीतल्या बोटींवर परवान्याने जुगार चालतो, म्हणून घरातून मोबाइलवरही चालेल, असा समज करून घेऊ नका.

राहिले ६४० डॉलर. विनंती रद्द करू नका, त्या शिलकीतून खेळू नका. आज खात्याचा सगळा इतिहास, काढण्याच्या विनंतीची तारीख आणि बोनसच्या अटींचं पान यांचे स्क्रीनशॉट घ्या, कारण अटी नंतर बदललेल्या मी पाहिल्या आहेत. मग चॅटवर नको, ईमेलने विचारा: नेमकं कोणतं कागदपत्र कमी आहे, आणि तुमच्या अटींतल्या कोणत्या कलमाखाली रक्कम थांबवली आहे. सात दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर साइटच्या तळाशी ज्याचा परवाना असेल त्या नियामकाकडे हीच कागदपत्रं जोडून तक्रार करा. 'कर भरा, मग पैसे सोडतो' किंवा 'पडताळणीसाठी आणखी १०० भरा' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. कॅनडात अधूनमधून खेळणाऱ्याच्या जिंकण्यावर कर लागत नाही, आणि लागत असता तरी तो कॅसिनोच्या खात्यात भरायचा नसता. या काळात 'तुमचे अडकलेले पैसे मिळवून देतो' असे संदेश येऊ लागतील. त्यांना उत्तर देऊ नका. ईमेल पाठवल्यावर त्यांचं उत्तर आणि तळाशी लिहिलेला परवाना क्रमांक मला कळवा, तक्रारीचा मजकूर आपण मिळून लिहू.